बुधवार हरवलेला कार्निव्हल

फेब्रुवारी लागला की गोव्यात एक वाद ठरल्यासारखा उगवतो. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा अशी कार्निव्हलच्या मोमो राजाची स्वारी निघणार असते आणि तिच्या पुढे-पुढे प्रश्न धावत असतो: ख्रिस्ती माणसाने तिथे जावे की नाही? एक पक्ष यादी काढून बसतो. कार्निव्हल नको, किनाऱ्यावरचे रात्रभराचे संगीत महोत्सव नकोत, फेणी नको, कॅसिनोचे तर नावच नको, आणि हल्ली यादीच्या शेवटी रील्सही. दुसरा पक्ष म्हणतो, ही आमची संस्कृती आहे. खुद्द येशूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला, तिथे तुम्ही आम्हांला अडवणारे कोण? आठवडाभर हे चालते. मंगळवारी रात्री ढोल थांबतात आणि वादही थांबतो. दोन्ही पक्ष मंगळवारपर्यंतच भांडतात, हेच या वादाचे दुखणे आहे. ख्रिस्ती निष्ठेचा खरा प्रश्न बुधवारी सकाळी, उपवासकाळ लागतो तेव्हा, सुरू होतो आणि तेव्हा तो विचारायला कोणी जागेवर नसते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कशाकशाला हात लावला नाही यावरून निष्ठा मोजता येत नाही. आपल्या वर्षाचे आणि दिवसाचे घड्याळ कोणाच्या हातात आहे, यावरून ती ओळखावी. आनंद करावा की नाही, यापेक्षा तो कधी सुरू होतो, कधी संपतो आणि संपवतो कोण, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

मराठी वाचकाला हे समजायला लांब जावे लागत नाही. गटारी आपल्याला ठाऊक आहे. श्रावण पाळणाऱ्याच्या घरी गटारीला अर्थ असतो: उद्यापासून महिनाभर ताटात मासमच्छी नाही, म्हणून आज. पण ज्याच्या घरी श्रावणच नाही, त्याची गटारी कसली? ती नुसती आणखी एक पार्टी. कार्निव्हलचेही तेच. या शब्दाचे मूळ मांस बाजूला ठेवण्याच्या अर्थाच्या लॅटिन शब्दांत मानले जाते. गोव्याच्या गावांनी त्याला दिलेले नाव तर त्याहून बोलके आहे. इंत्रुज म्हणजे मुळात प्रवेश, उपवासकाळात शिरण्याचे दार. पीठ उधळायचे, रंगीत पाणी मारायचे, सासष्टी तालुक्यात अंगणाअंगणांतून खेळ करायचे, चांदर गावी मुसळखेळ नाचायचा, हे सगळे त्या दारात उभे राहून. आज दारात नाचणारे पुष्कळ आहेत. घरात शिरणारे मोजके. मुक्तीनंतर साठच्या दशकात पर्यटनाच्या अंगाने मिरवणुका सुरू झाल्या तेव्हापासून तर दाराला घर असते हेच पुसट होत गेले. सरकारी निधी, प्रायोजकांचे चित्ररथ, ‘खा, पिये आनी मजा कर’ ही मोमोची राजाज्ञा, आणि पुढे काय? पुढे कोरेज्म आहे, चाळीस दिवसांचा उपवासकाळ आहे, हे त्या आज्ञेत कुठेच येत नाही. 2018 आणि 2024 या दोन्ही वर्षी राखेचा बुधवार नेमका 14 फेब्रुवारीला आला होता. एकीकडे गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर, ‘तू माती आहेस’ ही आठवण, वर्षातल्या दोन सक्तीच्या उपवासांपैकी एक. दुसरीकडे व्हॅलेंटाइनचे जेवण आणि चॉकलेटे. त्या दोन वर्षांत किती ख्रिस्ती घरांत बुधवार जिंकला असेल?

आता यादीवाल्यांची बाजू. ती टिंगल करून उडवण्यासारखी नाही. तिच्या मागे एक जुनी आणि खरी गोष्ट उभी आहे. चौथ्या शतकात संत ऑगस्टिनचा मित्र अलिपियस याला सोबत्यांनी रोममध्ये ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायला नेले. तो म्हणाला, शरीर नेलेत तरी मन नेता येणार नाही. आणि डोळे मिटून बसला. गर्दीतून एक आरोळी उठली, कुतूहलाने डोळे उघडले, आणि पुढच्या वेळी इतरांना घेऊन जाणारा तोच झाला. मी नुसता बघायला जातो, माझ्यावर काही परिणाम होत नाही, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही हकिगत ऐकवावी. जागेचा, गर्दीचा, आवाजाचा माणसावर अंमल चढतो.

त्याहून भक्कम मुद्दा प्रेषित पौलाचा. करिंथच्या बाजारातले मांस मूर्तीला वाहिलेले असू शकते, मग खावे की नाही, या भांडणात त्याने खाण्याची मोकळीक दिली; पण माझ्या खाण्याने दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही, असेही बजावले. गोव्यात हा दुर्बळ भाऊ कल्पनेतला नाही. दारूने पोखरलेली घरे प्रत्येक वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आहेत. ज्याला एका घोटावर थांबताच येत नाही, त्याच्यापुढे मर्यादेचे गोडवे गाणे क्रूरपणा आहे. त्याला पूर्ण बंदीच हवी, आणि त्याच्या घरातल्यांनी बाटली त्याच्या समोर न उघडणे ही त्यांच्या निष्ठेची साधी कसोटी. पंधरा वर्षांच्या मुलालाही यादी लागते, कारण त्याचे आतले घड्याळ अजून तयार व्हायचे असते. एवढे सगळे मान्य.

पण याद्यांनी निष्ठा घडते, हे मात्र गोव्यात बसून म्हणायला फार विसरभोळे असावे लागते. जगात क्वचितच कुठे इतक्या तपशिलाने याद्या केल्या गेल्या असतील. 1560 मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालय, आले. 1736 च्या त्याच्या फर्मानात तुळस लावण्यापासून धोतर-चोळीपर्यंत, लग्नातल्या ओव्यांपासून विड्याच्या पानांपर्यंत, अगदी मिठाशिवाय भात शिजवण्यापर्यंत मनाई होती. मिठाशिवाय भात! 1684 मध्ये व्हाइसरॉयने तर लोकांची भाषाच सोडायला तीन वर्षांची मुदत दिली होती. काय झाले त्या सगळ्याचे? कोकणी आज मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, भाषा आहे. लग्नाआधी नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा रोस आजही होतो, चुडा आजही भरतात, त्या वेळी बायका गातातही. इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचे बंद झाले. रोस चालू आहे. आणि ज्या गोष्टींना पाप म्हणून धाक घातला त्यांतल्या बऱ्याचशा पाप नव्हत्याच, हे आज फादरही सांगतील. याद्यांचा हा ठरलेला धोका: जे सहज दिसते ते त्या पकडतात. लोभ दिसत नाही, तुळस दिसते. वाड्यावरच्या नोकरमाणसाचा थकवलेला पगार दिसत नाही, पोरीचा आखूड फ्रॉक दिसतो.

ज्या शतकांत याद्या लिहिल्या जात होत्या, त्याच शतकांच्या काठावर दुसरा एक प्रयोग झाला. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सच्या पुढ्यात नवख्रिस्ती लोकांची रास्त तक्रार होती: आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला काय देता? ही तक्रार त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदवली आहे. उत्तर म्हणून त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. त्या काळची ‘पॉप्युलर कल्चर’ म्हणजे देवळात आणि ओसरीवर चालणारे पुराणवाचन. स्टीफन्सने त्याचा ओवीछंद घेतला, त्याची भाषा घेतली, ऐकायला बसण्याची सवय घेतली, आणि आत मजकूर आपला भरला. भूत निघून गेल्यावर झाडून-पुसून मोकळ्या ठेवलेल्या घरात ते आणखी सात भुते घेऊन परत येते, हा येशूचा दृष्टान्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. यादी घर झाडते. वस्तीला कोण येणार, हे ठरवणे तिच्या आवाक्यात नसते. कलस्सैकरांना लिहिताना पौलानेही ‘शिवू नको, चाखू नको’ छापाच्या नियमांबद्दल हेच म्हटले: दिसायला शहाणपणाचे, देहाच्या लालसेपुढे निरुपयोगी.

मनोरंजनाचा सगळ्यांत कडवा ख्रिस्ती विरोधक म्हणावा असा तर्तुल्यन, इ.स. 200 च्या आसपासचा, कार्थेजचा. त्याच्या काळचे ख्रिस्तीही अगदी आजच्यासारखेच विचारत होते की सर्कस पाहू नये असे शास्त्रात कुठे लिहिले आहे? प्रामाणिक माणूस, त्याने कबूल केले की असे सरळ वाक्य शास्त्रात नाही. मग तो बाप्तिस्म्याच्या वचनाकडे वळला. पाण्यात उतरताना आपण सैतान आणि त्याचा डामडौल यांचा त्याग करतो. त्याने वापरलेला शब्द ‘पोंपा’. रोममध्ये हा शब्द खेळांच्या आधी निघणाऱ्या थाटाच्या मिरवणुकीसाठीही वापरत. म्हणजे याद्यांचा हा आद्य पुरस्कर्तासुद्धा अखेर यादीवर विसंबला नाही, वचनावर विसंबला. ते वचन आजही ईस्टरच्या रात्री, हातात मेणबत्ती धरून, अख्खी चर्च दर वर्षी नव्याने उच्चारते. वचनाला तारीख आहे, हे लक्षात घ्यावे.

संस्कृतीवाल्या पक्षाशी माझे भांडण वेगळे आहे. काना गावच्या लग्नाचा दाखला ते देतात तो चुकीचा नाही. शुभवर्तमानकार योहान सांगतो तसे सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी; आजच्या हिशेबात सगळे मिळून चारशे लिटरच्या पुढेच जाते. कंजूष चमत्कार नव्हे तो! येशूला खादाड आणि दारूबाज म्हणणारे लोक होते, हेही शुभवर्तमानच सांगते. गोव्याच्या भक्तीलाही आनंदाचे वावडे कधी नव्हते. वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादाइनची सामूहिक प्रार्थना म्हटली की उकडलेले चणे आणि फेणीचा पेला फिरायचाच. सांजांवला डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतात ते बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावाने. मग अडले कुठे?

अडले ते असे, की हे सगळे आनंद संपत असत. लादाइनचा पेला लादाइननंतर यायचा, एक यायचा, आणि माणसे कंदील घेऊन घरी जायची. सांजांव 24 जूनला, वर्षातून एकदा. तियात्र, म्हणजे कोकणी गाण्याचे नाटक, घ्या. पहिला तियात्र लुकाझिन रिबेरो यांनी मुंबईत रंगमंचावर आणला तो 17 एप्रिल 1892 रोजी, म्हणजे ईस्टर रविवारी. आणि नवे तियात्र ईस्टरला उघडायची रीत पुढेही मुरली. गाणी, विनोद, राजकारण्यांची हजेरी, सगळा मसाला. पण पडदा पडतो, दिवे लागतात. ही लोकसंस्कृती पंचांग ओळखणारी होती. तुम्ही जिला आज ‘आमची संस्कृती’ म्हणता, तिच्यातल्या किती गोष्टी पंचांग ओळखतात? तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या वर्षात कोरेज्म नसतो, आगमनकाळ नसतो. तिथे ‘सीझन’ आणि ‘ऑफ सीझन’ एवढेच दोन ऋतू. नोव्हेंबरच्या शेवटी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना सुरू होते, माणसे अनवाणी चालत पोहोचतात, आणि नाताळाच्या आधीचे चार आठवडे थांबण्याचे, वाट पाहण्याचे म्हणून ठेवलेले असतात. पण बाजारात नाताळ डिसेंबरच्या पहिल्या तारखेलाच येतो आणि 25 ला, म्हणजे चर्चच्या हिशेबाने जिथे तो सुरू व्हायचा तिथे, शिळा होतो.

मोबाइल ही या न संपण्याची परमावधी आहे. रील्समध्ये अश्लील काय आहे आणि नाही, यावर पालक तासन्‌तास बोलतात. त्यापेक्षा त्या यंत्राची बनावट पाहावी. पुस्तकाला शेवटचे पान असते, तियात्राला पडदा असतो, इथे खालून दुसरे आपोआप वर येते. थांबायची जागा मुद्दाम काढून टाकलेली आहे. उद्या त्यात केवळ प्रवचने आणि भक्तिगीतेच येऊ लागली, तरी रात्री दोनपर्यंत ती पाहणारा माणूस सकाळच्या मिस्साला झोपलेलाच असणार. मजकूर गाळून हा रोग बरा होत नाही.

जुगाराची गोष्ट जरा अडचणीची, म्हणून दोन्ही पक्ष टाळतात. मांडवीतल्या कॅसिनोंवर फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना खेळायला बंदी आहे. चांगले झाले. पण चर्चच्या छपराला पत्रे घालायचे म्हणून फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, हाउझी (तंबोला) आणि लकी ड्रॉ कोण भरवतो? कॅथलिक धर्मशिक्षणाची भूमिका इथे कोणत्याही यादीपेक्षा शहाणी आहे: नशिबाचे खेळ मुळात अन्याय्य नाहीत, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचे त्यात जाऊ लागले की ते चालणार नाहीत, आणि त्यांचे व्यसन माणसाला गुलाम करते. हाउझीची वही भरते, माणसे हसत उठतात. कॅसिनोत घड्याळ कुठे दिसते?

म्हणून आता बुधवारकडे. पाळायचे म्हणजे नेमके काय? नियम सोपे आहेत आणि म्हणूनच बहुधा त्यांना कोणी गंभीरपणे घेत नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, हे दोन उपवास: एक पूर्ण जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडेसे, अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत. मांसवर्ज्य चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सगळ्यांना. गोव्यात इथेच पहिली पळवाट सापडते. मांस सोडून शुक्रवारी इस्वणाच्या (सुरमईच्या) कापा तळल्या तर नियम मोडत नाही. मोडतो तो उपवास. मासेखाऊ मुलखात शुक्रवारी मासा सोडणे हाच खरा त्याग, हे कोणत्या कायद्यात लिहिलेले नसले तरी स्वयंपाकघराला कळते.

दुसरी अडचण निसर्गाने घातली आहे. काजूचा हंगाम आणि कोरेज्म हातात हात घालून येतात. भट्ट्या पेटतात, पहिल्या गाळणीचा उराक मार्चपासून गावोगाव मिळू लागतो, लिंबू-मीठ-मिरची घातलेल्या थंडगार पेल्याचा मोह नेमका प्रायश्चित्ताच्या आठवड्यांत. उराक मेमध्येही मिळतो. ईस्टर तोवर होऊन गेलेला असतो. म्हणजे निसर्गानेच पेला सोडायला नाही, पुढे ढकलायला सांगितले आहे. पहिल्या उराकासाठी ईस्टरपर्यंत थांबणारा माणूस यादी पाळणाऱ्यापेक्षा कठीण काम करतो.

हे सगळे मोडते कुठे, तेही ठरलेले आहे. बुधवारच्या भरात माणूस पाच गोष्टी सोडतो, दारू, मोबाइल, गोड, चहा, राग, आणि दुसऱ्या आठवड्यात पाचही परत येतात. एकच सोडावी, आणि ती सोडल्याने जो वेळ नि पैसा उरतो त्याचे काय, हे त्याच दिवशी ठरवावे. नाही तर झाडलेले घर रिकामे राहते. वाचलेला पैसा गल्ल्यात टाकून होली वीकमध्ये कोणाच्या घरी द्यायचा, ते नाव आधी लिहावे. रविवार उपवासात मोजत नाहीत (बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस, त्यांतून सहा रविवार वजा जाता चाळीस), हे ठाऊक नसल्याने काहीजण रविवारी मोडल्यावर सगळेच सोडून देतात. आणि एकट्याने धरलेला उपवास एकट्यानेच गुपचूप मोडतो. म्हणून घरात निदान एकाला सांगितलेला असावा.

दिवसाचेही तेच. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला वीस मिनिटे लागतात, दहा-दहाची पाच दशके, एकूण त्रेपन्न नमो मारिया. ही प्रार्थना वेळ नसल्यामुळे बंद पडली नाही. पूर्वी संध्याकाळच्या आंजेलुसच्या घंटेने घर एकत्र बसायचे. नंतर तेर्स टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळेपुढे सरकली, मग जेवणानंतर, मग झोपायच्या आधी, आणि झोपायच्या आधी प्रत्येकजण आपापल्या पडद्यात. प्रार्थना सरकवता आली की ती संपली, हा बऱ्याच घरांचा अनुभव असावा. उपाय साधा, पण खरा खटका त्यातच उडतो: वेळ आधी बांधावी, फोन वेदीजवळ नव्हे, दुसऱ्या खोलीत ठेवावेत, आणि आई-वडिलांचे फोन आधी. मुलांना यादी देऊन स्वतः फॉरवर्ड वाचत बसणाऱ्या बापाची तेर्स मुले फार तर दहावीपर्यंत म्हणतात.

गावच्या पातळीवरही करता येण्यासारखे एक काम आहे, आणि ते कार्निव्हलवर बंदी मागण्याइतके सोपे नाही. फेस्ताची समिती आणि कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची संस्था, यांनी मिळून ठरवावे की इंत्रुजच्या मंगळवारी गावातला ध्वनिक्षेपक रात्री नेमका कधी बंद होणार, बुधवारी सकाळच्या मिस्साला बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांसाठी साडेपाचची वेळ ठेवायची का, आणि कोरेज्मच्या सहा आठवड्यांत चर्चच्या आवारात हाउझी भरवायची की नाही. तिसऱ्या कलमावर सगळ्यांत मोठे भांडण होईल, कारण पत्र्यांचे पैसे त्यातूनच येतात. ते भांडण खर्चाच्या वहीसमोर बसूनच करावे.